फळीवरच्या किल्ल्या

३ मार्च, सोमवार

ही वही लेकीने पाठवली. फोनवर म्हणाली, "आई, आता बाबा दिवसभर घरी असणार. तुझं डोकं फिरलं की मला फोन करून भांडू नकोस, ह्यात लिही." मला काही पटलं नव्हतं. आज दुपारपर्यंत पटलं.

ह्यांची नोकरी शुक्रवारी संपली. शहरातल्या उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेला. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळच्या गाडीने यायचे, बहुतेक रविवारीसुद्धा. हे घर ह्यांनी दिव्याच्या उजेडातच पाहिलंय, असं मी थट्टेने म्हणायचे. आज उठले, दाढी केली, बूट घातले आणि हॉलच्या मधोमध उभे राहिले. विचारलं, "कुठे निघालात?" म्हणाले, "कुठे नाही." मग बूट काढले.

जरा वेळाने स्वयंपाकघरात आले. डब्यांकडे बघून म्हणाले, "हे उंचीप्रमाणे लावले तर बरं पडेल." मी म्हटलं, "इतकी वर्षं माझं काही अडलं नाही." मग नळ सोडून बघितला, बंद केला. कपाटाचं दार उघडून बघितलं, लावलं. कुठे काही बिघडलेलं नव्हतं, आणि असेल कसं? ह्या घरात काही मोडलं की प्लंबरही मीच बोलवायचे आणि सुतारही मीच. ह्यांची वाट बघत बसले असते तर छप्पर डोक्यावर आलं असतं.

चहा दिला. प्यायले, कप विसळला आणि फडक्यावर पालथा घातला, कान भिंतीकडे करून. तो मी उचलून जागेवर ठेवला. शेवटी म्हटलं, "अहो, सारखे पायात पायात येऊ नका. जरा चक्कर मारून या." गेले बिचारे.

६ मार्च, गुरुवार

आज कोपऱ्यावरच्या घरातली नवी भाडेकरू नर्स आली होती. तिला आमच्या गल्लीची अजून माहिती नाही. स्टेशनच्या मागची ही जुनी, बैठ्या घरांची गल्ली. सकाळची गाडी सुटली की इथे चिटपाखरू नसतं. सगळी घरं कुलपात, आणि सगळ्यांच्या जादा किल्ल्या माझ्याकडे. आमच्या आतल्या बोळात एक फळी आहे, तिला पितळी खुंट्या. ती फळी ह्यांनी एका रविवारी करून दिली होती, ह्या घरातली ह्यांच्या हातची तेवढी एकच वस्तू. प्रत्येक किल्लीला मी वेगळ्या रंगाची लोकर गुंडाळली आहे. कुणाचा गॅस येणार असो, कुणाचं पोर शाळेतून लवकर येणार असो, किल्ली माझ्याकडून जाते आणि माझ्याकडेच परत येते. आजवर कुणाचा चमचा इकडचा तिकडे झाला नाही. लोक मला किल्लीकाकू म्हणतात. मला आवडतं, खोटं कशाला बोलू.

नर्सला कामावर रात्रपाळी असते. सकाळी सगळे गाडीला जातात तेव्हा ही गाडीतून उतरते आणि दिवसभर पडदे ओढून झोपते. कष्टाची आहे, मान्य, पण माझ्या डोळ्यांना ते बरं दिसत नाही. फळीखालच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "काकू, माझी खिडकी वाऱ्याने आपटते, झोप लागत नाही. कडी बसवून देणारं कुणी आहे का?"

मी म्हटलं, "ती खिडकी तुझ्या आधीपासून आपटतेय. त्या आवाजावर आम्हाला वारा सुटल्याचं कळतं. आता तुलाही सवय होईल."

ती हसली. हे पेपर वाचत होते, त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

१३ मार्च, गुरुवार

जुळ्यांची आई (शेजारचं घर, दोन्ही मुलं पाळणाघरात, दोघं नवराबायको सकाळच्या गाडीला) गंमत सांगत आली. तिच्या न्हाणीघरातला नळ वर्षभर ठिबकत होता. आता ठिबकत नाही. तिला वाटलं नवऱ्याने केला, नवऱ्याला वाटलं तिने प्लंबर बोलावला. चार दिवस दोघं एकमेकांशी अगदी गोड वागली, काल उलगडा झाला की दोघांनीही केलेलं नाही.

जेवताना ह्यांना सांगितलं. ताटातून मान वर न करता म्हणाले, "वायसर गेलं होतं. चामड्याचं घातलं की टिकतं." ह्यांना सगळं न बघताच कळतं. जन्मभराचा अनुभव, दुसरं काय.

ह्यांची तब्येत सुधारली आहे, हेही लिहून ठेवते. दुपारी माझा डोळा लागतो तेव्हा हे चक्कर मारायला जातात ते पार चहाच्या वेळेला येतात. आल्यावर चहाही नको म्हणतात. चेहऱ्यावर तरतरी असते. चालणं मानवलं.

१९ मार्च, बुधवार

आज हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

समोरचे दातांचे डॉक्टर संध्याकाळी आले. एकटा माणूस. घामाने शर्ट भिजलेला. म्हणाले, "वहिनी, बाबांचं घड्याळ चालू झालंय." त्यांच्या वडिलांचं भिंतीवरचं चावीचं घड्याळ, वडील गेल्यापासून बंद. डॉक्टर अख्ख्या गावाच्या तोंडात हात घालतात, पण त्या घड्याळाला कधी हात लावला नाही. काल घरात शिरले तर टकटक. वेळही बरोबर.

"तुम्हीच कधी चावी दिली असेल," मी म्हटलं.

"मी कशाला देईन?" म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "मी मुद्दाम बंद ठेवलं होतं, वहिनी."

मी त्यांना पाणी दिलं. हे आतून ऐकत होते. डॉक्टर गेल्यावर म्हणाले, "स्प्रिंग उत्तम होती. नुसती धूळ." नंतर विचारतात, "ते रडले का गं?" मी म्हटलं, "रडतील नाही तर काय. बापाची वस्तू कुणीतरी हाताळली." हे उठून बाहेर बागेत जाऊन उभे राहिले. मनाने हळवे आहेत, कुणाचं दुःख बघवत नाही.

ह्यांच्या शर्टाच्या बाहीला काळा डाग होता, तेलाचा. दोनदा घासला तरी निघेना. म्हटलं, "बाकावर बसता की गॅरेजात?"

दुसरी गोष्ट. काल मी झोपून उठले तर डॉक्टरांची निळी लोकर जुळ्यांच्या खुंटीवर. तेव्हा मला वाटलं माझंच चुकलं. आता वाटतं, नाही.

२२ मार्च, शनिवार

जुळ्यांच्या आईने मला तिच्या स्वयंपाकघरात नेऊन दाखवलं. फडक्यावर कप पालथा, कान भिंतीकडे. म्हणाली, "काकू, आमच्या घरात कप असे कुणी ठेवत नाही. कुणीतरी इथे बसून चहा पितंय. माझी मुलं ह्या घरात झोपतात." खिडकीजवळची खुर्ची रस्त्याकडे वळवलेली होती. अडकणारा ड्रॉवर लोण्यासारखा सरकत होता.

चोर मोठा शिस्तीचा आहे. माझ्या डोक्यात तिथेच लख्ख प्रकाश पडला. दिवसा गल्लीत असतं कोण? मी, हे आणि नर्स. कप विसळून पालथे घालायची शिस्त इस्पितळातच लावत असतील. फळीखाली बसली होती ती हीच. आणि तिची खिडकी, जी इतकी वर्षं आपटत होती, ती गेले काही दिवस आपटत नाही. म्हणजे बाईला पाना आणि स्क्रूड्रायव्हर चालवता येतो.

सगळं जुळलं तेव्हा मला बरं वाटलं, हे कबूल करते. कारण तोवर सगळ्यांच्या नजरा माझ्या फळीकडे वळायला लागल्या होत्या.

ह्यांना सांगितलं. ह्यांचा घास हातातच राहिला. "अगं, ती नसेल."

"मग कोण? भूत?"

"चोर सोडून संन्याशाला फाशी नको," म्हणाले.

"तुम्ही तिची बाजू घेऊ नका. माझी अब्रू जाईल, तिचं काय जातंय? आज आहे, उद्या दुसरीकडे."

हे हात धुवायला उठले.

२४ मार्च, सोमवार

आज सकाळी आमच्या फाटकाशी तिला गाठलं. लोक गाडीला निघाले होते, ती कामावरून येत होती. डॉक्टर होते, जुळ्यांची आई होती, आणखी चार जण. डॉक्टरांनी सरळ विचारलं, "दिवसा तुम्ही आमच्या घरात जाता का?"

ती खूप दमलेली दिसत होती. "मी दिवसा झोपते," म्हणाली.

मी म्हटलं, "खिडकीची कडी कुणी बसवली?"

ती गप्प. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. जुळ्यांची आई म्हणाली, "बोला ना. काही तर सांगा." तरी गप्प. आणि माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. माझ्या खांद्यावरून आमच्या दाराकडे बघत होती. दारात हे उभे, हातात पाण्याचा पेला. बराच वेळ ती ह्यांच्याकडे बघत राहिली. मनात म्हटलं, काय निलाजरी आहे, म्हाताऱ्या माणसाकडे दया मागते. हे वळून आत गेले. तेव्हा तिने पिशवी खांद्यावर सरकवली आणि चालू लागली.

गाडीची वेळ झाली म्हणून लोक पळाले. तिला काढा म्हणून घरमालकाला फोन करायचं माझ्याकडे आलं. केला.

२९ मार्च, शनिवार

थांबलं. नळ नाही, कप नाही, काही नाही. डॉक्टर म्हणाले, "बघा वहिनी, नुसता दम दिला तर थांबलं. आणखी काय पुरावा हवा?" सगळ्यांनी मला मानलं. एकही किल्ली कुणी परत मागितली नाही.

घरात मात्र धड नाही. ह्यांचं जेवण गेलंय. चक्करही बंद. दिवसभर बोळातल्या स्टुलावर बसून असतात, समोर फळी. काल म्हणाले, "तुला एक सांगू का?" मी भाजी निवडत बसले होते. म्हटलं, "सांगा." तर म्हणाले, "काही नाही. राहू दे." आज पुन्हा तेच. लेकीला फोन केला. ती म्हणाली, "निवृत्तीनंतर होतं असं, त्यांना काहीतरी काम दे." मी म्हटलं, "काम कुठून देऊ, सगळं झालेलं असतं." डॉक्टरला दाखवायला हवं, दातांच्या नव्हे.

२ एप्रिल, बुधवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिलं नाही तर वेड लागेल.

सकाळी कोपऱ्यावर टेम्पो लागला. नर्सचं सामान ते केवढं, एक पलंग, दोन पेट्या, एक कुंडी. मी खिडकीतून बघत होते. सामान चढल्यावर ती थेट आमच्याकडे आली. मला वाटलं भांडायला येतेय. कंबर कसून दारात गेले.

तिने किल्ली पुढे केली. "घरमालक नंतर घेऊन जातील, म्हणाले. तुमच्याकडे ठेवा. सगळ्यांच्या तुमच्याकडेच असतात ना."

मी घेतली. मग ती म्हणाली, "काकांना सांगा, खिडकी अजिबात वाजत नाही. त्यांचे आभार मानायचे राहिले."

"काकांना?"

"कडी त्यांनीच बसवली. मी घरी होते म्हणून बेल वाजवून आले. चहा घेतला, किती वेळ बोलत होते. लिफ्ट मधेच अडकली की आतल्या माणसांशी बाहेरून कसं बोलत राहायचं, ते सांगत होते."

माझ्याशी हे असलं कधी बोलले नाहीत. विचारलं, "आणि बाकीची घरं?"

"खिडकीतून दिसायचे मला. किल्ली लावून जायचे. मला वाटलं, तुम्हीच पाठवता." मग म्हणाली, "फाटकाशी त्या दिवशी कळलं की तुम्हाला माहीत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"संध्याकाळी काका आले होते. म्हणाले, मी स्वतः सांगतो, मला दोन दिवस दे. मी दिले." तिने टेम्पोकडे बघितलं. "नंतर वाटलं, उद्या सांगतील. मी वाट बघत राहिले, काकू."

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. टेम्पो गेला. आत वळले तर हे स्टुलावर, दोन्ही हात गुडघ्यांवर. सगळं ऐकलेलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. हे मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवलं असेल.

३ एप्रिल, गुरुवार

काल दिवसभर मी ह्यांच्याशी बोलले नाही. आज बोलले. बोलले म्हणजे तोंडाला येईल ते बोलले. लोकांच्या कुलपांत शिरताना लाज नाही वाटली का, त्या पोरीचं घर गेलं तेव्हा जीभ कुठे गेली होती, माझी इतक्या वर्षांची राखलेली अब्रू. सगळं. हे ऐकत राहिले.

शेवटी मी दमले. विचारलं, "का जात होतात?"

म्हणाले, "तिकडे काहीतरी बिघडलेलं असायचं."

"आणि इथे?"

"इथे तू काही बिघडू दिलं नाहीस."

मला वाटलं हा टोमणा आहे. चेहऱ्याकडे बघितलं, टोमणा नव्हता. म्हणाले, "पहिल्या दिवशी नळ ऐकू आला. बाहेरून. वाटलं, पटकन करून यावं, कुणाला कळणार नाही. मग खुर्चीत बसलो. दिवसा घर कसं असतं ते कधी बघितलंच नव्हतं गं. ऊन कुठून येतं, कुठे सरकतं. आपल्या घरात बसलो असतो, पण तुला अडचण होते."

पायात पायात येऊ नका, हे मीच म्हटलं होतं. रागही गेला नाही. दोन्ही एकदम होतं मला, त्याला काय म्हणतात माहीत नाही.

"तिला काढेपर्यंत गप्प का बसलात?"

"सांगणार होतो. रोज. तुझी फळी रिकामी झालेली डोळ्यांपुढे यायची." हे रडले. मी ह्यांना असं रडताना पहिल्यांदाच बघितलं, आणि जवळ गेले नाही.

५ एप्रिल, शनिवार

आज शनिवार, सगळे घरी. फळीवरच्या सगळ्या किल्ल्या परडीत घेतल्या. हे म्हणाले, "मी येतो." म्हटलं, "यायलाच हवं, सांगायचंय तुम्ही." आणि सांगितलंही. प्रत्येक दारात, मान खाली घालून, पण नीट. मी शेजारी उभी राहून एवढंच म्हणत होते की तिचं नाव पहिल्यांदा मी घेतलं.

कुणी हसून वेळ मारून नेली. कुणी "कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं," म्हणून दार लावून घेतलं. जुळ्यांची आई पायरीवर बसली. म्हणाली, "मी मुलांना सांगितलं होतं, ती बाई दिसली की पळत घरात यायचं. ती त्यांना हात करायची, काकू." तिने किल्ली घेतली.

डॉक्टरांनी किल्ली घेतली आणि ह्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. उघड्या दारातून घड्याळ चालू असल्याचं ऐकू येत होतं. हे म्हणाले, "बंद करून देऊ का?" डॉक्टर म्हणाले, "आता हात लावू नका." आणि दार लोटलं.

घरमालकालाही फोन केला. म्हणाला, "आधी काढा म्हणता, मग ठेवा म्हणता. आता तिने दुसरी जागा घेतली." कोपऱ्यावरच्या घराची किल्ली न्यायला मात्र तो अजून आला नाही. फळीवर तेवढी एकच आहे, बिनलोकरीची.

९ एप्रिल, बुधवार

आज ह्यांनी पुन्हा बूट घातले. विचारलं नाही. सकाळच्या गाडीने गेले, गल्लीतल्या सगळ्यांबरोबर. फलाटावर कुणी बोललं नाही म्हणाले. तिच्या इस्पितळाच्या दारात ती रात्रपाळीला येईपर्यंत उभे राहिले. ती भेटली.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, काका, जेवलात का. मग म्हणाली, पाळीला उशीर होतोय. गेली." बूट काढता काढता थांबले. "नवीन जागेत तीन जणी एका खोलीत. दिवसा झोप होत नाही म्हणाली."

मी ताट वाढलं. दोघंही नावालाच जेवलो.

१३ एप्रिल, रविवार

आज दुपारी मला झोप आली नाही. हे बागेत होते तेव्हा ह्यांच्या पेटीतला पाना काढला आणि स्वयंपाकघरातल्या नळाची वरची चकती सैल केली. जमेना, बोट चिरलं. शेवटी ठिबकायला लागला. मग हाक मारली, "अहो, बघा जरा, हा नळ गळतोय."

आले. वाकून बघितलं. चकतीवरचे ओरखडे बघितले, माझं बोट बघितलं. पाना घेतला, एक पीळ दिला, नळ बंद. हात धुतले, पुसले.

"झालं," म्हणाले.

एवढंच काम होतं. मला वाटलं होतं, जरा तरी वेळ लागेल. मी चहा केला. ह्यांनी कप विसळून पालथा घातला, कान भिंतीकडे, आणि माझ्याकडे बघितलं. मी तो तसाच राहू दिला. म्हटलं, "बसा इथेच." स्वयंपाकघरातलं स्टूल पुढे केलं. बसले.

संध्याकाळी वारा सुटला. दोरीवरचे कपडे काढायला बाहेर आले तेव्हा झाडं हलताना दिसली म्हणून कळलं. कान आपोआप कोपऱ्याकडे गेले. अंधारात रिकामं घर, खिडकी घट्ट बंद. हेही मागे येऊन उभे राहिले. वारा चांगलाच होता. आम्ही दोघं कपडे हातात घेऊन बराच वेळ ऐकत राहिलो, पण ती काही वाजली नाही.